झाडाला जामीन

आमच्याकडे झाड फळलं नाही तर ते लगेच तोडत नाहीत. आधी त्याला धाक घालतात. वर्षातला सगळ्यात लहान दिवस, ज्या दिवशी चिल्ला, म्हणजे कडक थंडीचे चाळीस दिवस, बसतो, त्या दिवशी ऊन कलायच्या आत घरचा मालक कुऱ्हाड घेऊन त्या झाडापुढे उभा राहतो आणि शिव्या देतो. "फुकटखाऊ कुठली! पाणी पितेस, खत खातेस, देत काहीच नाहीस. आज तुझा निकालच लावतो." मग कुऱ्हाडीच्या पाठीनं बुंध्यावर एक टोला. तेवढ्यात घरातलं कुणीतरी पुढे होऊन त्याचा हात धरतं. "थांबा, तोडू नका. मी जामीन राहते. पुढच्या वर्षी फळेल." असं तीनदा. तीन टोले, तीनदा जामीन. मग सगळे हात झटकून घरात. झाड घाबरतं म्हणतात. घाबरत असेलही. बायका घाबरतात, मग झाडाला काय झालं?

आमच्या घरात जामीन राहायचं काम माझं, सकीनेचं. चाळीस वर्षं राहिले. बदामाला राहिले, जर्दाळूला राहिले, एकदा तर दूध आटलेल्या शेळीलाही राहिले होते. गावात म्हणायचे, सकीनेच्या तोंडात बरकत आहे, तिनं शब्द टाकला की झाड ऐकतं. मला तेव्हा बरं वाटायचं. आता कुणी असं म्हणालं तर उठून आत जाते.

बाग आमची पिस्त्याची. कासेमाबादात दुसरं काही धड पिकतच नाही. पिस्त्यात नर झाड वेगळं, मादी वेगळी. नराला फळ नाही, नुसता मोहोर. त्याची पूड वाऱ्यावर उडून माद्यांवर पडली की दाणा भरतो. पंधरा-वीस माद्यांमागे एक नर, वाऱ्याच्या अंगाला लावलेला. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि पूड नीट पडली नाही तरी झाड टरफल धरतंच बरं का. वरून दिसायला अगदी भरलेलं, फोडलं की आत हवा. पोचट.

आमची एक अख्खी ओळ अशी उतरत चालली होती. त्यातही पाटाच्या कडेचं शेवटचं झाड तीन वर्षं सगळं पोचटच देत होतं. माझ्या नवऱ्यानं त्याचं नावच पोचटी ठेवलं. नवरा म्हणजे हैदर. मशदच्या मोठ्या दर्ग्याची यात्रा करून आला तेव्हापासून गाव त्याला मश्दी म्हणतं आणि ती हाक ऐकली की त्याची छाती अजून दोन बोटं फुगते. आपल्या घरातली, आपल्या बागेतली कुठलीच गोष्ट वाईट असू शकत नाही, असा त्याचा ठाम समज. वाईट असेल ते बाहेरून आलेलं.

बाहेरून आलेली घरात एकच होती. मोनिरे, आमची सून.

तशी तीही बाहेरची नव्हेच. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी ती. बहीण गेली तेव्हा नऊ वर्षांची होती. माझ्या कुशीत झोपायची आणि झोपेत माझा अंगठा मुठीत धरून ठेवायची. मोठी झाल्यावर मीच तिला नेमतसाठी मागून आणली. सात वर्षं झाली लग्नाला, मूल नाही. कुठलीकुठली मुळं उगाळून प्यायली, दर्ग्याच्या जाळीला चिंध्या बांधून आली, कुणी सांगितलं म्हणून चाळीस दिवस कच्चं अंडं खाल्लं. बायका पाणवठ्यावर तिला बघून आपली पोरं चादरीआड घ्यायच्या. ती मला "खाला" म्हणायची, म्हणजे मावशी, लग्नानंतरही खालाच. सासू कधी म्हणालीच नाही.

आता मी सांगते ते नीट ऐका, कारण हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

नेमत सोळा वर्षांचा असताना त्याला गालगुंड झालं. लहानपणी होतं ते वेगळं. त्या वयात झालं की ते कधीकधी खाली उतरतं. सात दिवस तापानं फणफणला होता पोरगा, लाजेनं मला जवळ येऊ देईना. रफसंजानला, शहरातल्या दवाखान्यात नेला. तिथला तरुण डॉक्टर मला खोलीच्या दाराशी घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "आई, पोरगा वाचला. पण याला बहुतेक मूल होणार नाही. लग्नाआधी तपासणी करून घ्या." मी मान डोलावली. घरी आल्यावर मश्दीनं विचारलं, काय म्हणाला डॉक्टर? मी म्हणाले, सलगम उकडून खायला घाला म्हणाला.

बस, एवढंच. एक वाक्य. पोराची लाज राखायची म्हणून बोलले. मग त्याच्यावर दुसरं खोटं रचावं लागलं, मग तिसरं. आणि सून आणायची वेळ आली तेव्हा परक्याची मुलगी नको, उद्या बोभाटा होईल, म्हणून घरची आणली. घरची मुलगी सोसते ना! हिशेब करूनच आणली मी तिला. माझ्या बहिणीची मुलगी.

त्या वर्षी चिल्ल्याच्या आदल्या आठवड्यात मश्दीनं जाहीर केलं. "सात वर्षं पुष्कळ झाली. चिल्ल्याच्या रात्री सगळे बसलो की ठरवून टाकू. मोनिरेला तिच्या भावाकडे पाठवू, तलाक देऊ, नेमतला दुसरी बघू." म्हणजे ठरवलं होतंच. रात्री फक्त कलिंगडाबरोबर वाटायचं होतं.

चिल्ल्याच्या दिवशी सकाळी उस्ता रजब छाटणीला आला. पंचक्रोशीतला सगळ्यात जुना कलमवाला. दात नाहीत, पण जिभेला धार. नर झाडाच्या फांदीचा डोळा त्यानं नखानं चिरून बघितला, थुंकला आणि म्हणाला, "मश्दी, त्या पोचटीला कशाला रे धाक घालतोस दर वर्षी? तिचा काय दोष? तुझा नर संपलाय. वसंतात, नवरोजनंतर माद्या फुलतात तेव्हा हा झोपलेला. हा जागा होतो तेव्हा त्यांचा मोहोर वाळून गेलेला. त्या बिचाऱ्यांनी काय करावं?"

"उस्ता, तो नर माझ्या बापानं लावलाय," मश्दी म्हणाला.

"मग काय झालं? तुझ्या बापानं तुलाही लावलाय, तू म्हातारा नाही झालास?"

छाटणीला आलेले दोघे गडी फिदीफिदी हसले. मश्दीचं तोंड लाल. "आमच्या नरात खोट नसते," तो म्हणाला. "खोट माद्यांतच."

"नाचता येईना अंगण वाकडं," उस्ता पुटपुटला आणि शिडीवर चढला. "नवा नर कलम कर, नाहीतर बस कुऱ्हाड परजत."

मी चहाची किटली घेऊन तिथेच उभी होते. माझे कान गरम झाले. नेमत पाटाजवळ आळं खणत होता. त्याची कुदळ जरा थांबली, मग पुन्हा चालू झाली. मला वाटलं, दगड लागला असेल.

दुपारी मी आणि मोनिरे माजघरात डाळिंबं सोलत बसलो होतो. चिल्ल्याला डाळिंब हवंच, कलिंगड हवंच. कलिंगड मी दर उन्हाळ्यात एक निवडून तळघरात भुशात पुरून ठेवते. भर थंडीत उन्हाळ्याचं फळ खाल्लं की थंडी बाधत नाही, असं आमच्यात मानतात. मोनिरेचे हात लाल झाले होते. ती खाली बघतच म्हणाली, "खाला, मी रफसंजानला जाऊन आले."

"कधी?"

"मागच्या महिन्यात. तुला सांगितलं होतं ना, दातासाठी जाते म्हणून. दातासाठी नव्हते गेले. तिथली डॉक्टरीण म्हणाली, तुझ्यात काही खोट नाही, नवऱ्याला घेऊन ये. मी नेमतला सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. तीन दिवस माझ्याशी बोलला नाही."

मी डाळिंबावर वाटी आपटत राहिले.

"खाला, मला राहू दे म्हणत नाही मी. पण माझ्यावर शिक्का मारून नका पाठवू. पोचट बाई म्हणून भावाच्या दारात उभी राहिले तर वहिनी मला चुलीजवळ तरी बसू देईल का? तू फक्त एवढंच म्हण, नेमतची तपासणी होऊ दे, मग ठरवू. तुझा शब्द मश्दी मोडत नाहीत. एकदाच बोल."

"बघू," मी म्हणाले.

"बघू नको म्हणूस ना. हो म्हण."

"अगं, सणाचा दिवस आहे. आधी दाणे काढ," मी म्हणाले. आणि काय सांगू, तिचा चेहरा उजळला. ती समजली, खाला 'हो' म्हणाली. लहानपणी खाऊ मागायची तेव्हाही मी अशीच म्हणायचे, आधी काम कर. आणि मग द्यायचे.

ऊन भिंतीवर चढायला लागलं तसे आम्ही सगळे बागेत गेलो. मश्दी कुऱ्हाड घेऊन पुढे, नेमत मागे, मी आणि मोनिरे चादरी गुंडाळून कडेला. झाडं सगळी उघडी, राखी. जिवंत कुठलं आणि मेलेलं कुठलं हे या दिवसांत उस्ता रजबलासुद्धा नख लावल्याशिवाय कळत नाही. मश्दीनं पोचटीला शिव्यांची लाखोली वाहिली. त्या वर्षी जरा जास्तच. "सात वर्षं पोसली तुला," म्हणाला. झाडाला तीनच वर्षं झाली होती.

पहिला टोला. मी पुढे झाले, त्याचा हात धरला. "थांबा मश्दी, तोडू नका. मी जामीन राहते."

दुसरा टोला. "हिच्याकडून चूक झाली, हिला एक वर्ष द्या. मी जामीन राहते."

तिसरा टोला जरा जोरात बसला. साल उडाली. "माझ्या शब्दाखातर सोडा हिला," मी म्हणाले. "मी जामीन राहते." माझा आवाज चांगला खणखणीत होता. लाज वाटते आता, पण मला माझाच आवाज आवडला होता.

दिवस लगेच मावळला. आत निखाऱ्यांची शेगडी, वर बुटकं मेज, त्यावर मोठी गोधडी, आणि आम्ही सगळे गोधडीखाली पाय घालून बसलो. मी कलिंगड कापलं. मश्दीनं एक फोड खाल्ली, बिया ताटलीत थुंकल्या, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "तर मग उद्या सकाळी मोनिरेला तिच्या भावाकडे सोडायचं. तलाकचं महिनाभरात उरकू. मुलगी चांगली आहे, माझी काही तक्रार नाही. पण नशीब. कुणाला काही बोलायचं असेल तर आत्ताच बोला."

नेमत डाळिंबाचे दाणे एकेक करून वेचत होता. मोनिरे माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. नुसती वाट बघत होती, जसं पाटाला पाणी सुटायची वाट बघतात. मेजाखाली, गोधडीच्या आत, तिनं माझा अंगठा मुठीत धरला.

मी बोलणार होते. खुदाची शपथ, जिभेवर आलं होतं. मग मी नेमतकडे बघितलं. त्याची मान इतकी खाली होती की मला वाटलं, आता मी बोलले तर हा पोरगा पुन्हा कधी मान वर करणार नाही. उद्या न्हाव्याच्या दुकानात लोक काय म्हणतील, गडी काय म्हणतील. आणि मश्दी मला काय म्हणेल, अकरा वर्षं मला फसवलंस म्हणून. सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. मी तिच्या मुठीतून अंगठा सोडवला आणि ताटली पुढे सरकवली.

"कलिंगड घ्या ना सगळ्यांनी," मी म्हणाले. "गोड आहे."

खोटं. पाणचट होतं.

सकाळी तिचं गाठोडं मीच बांधलं. बाहेर पाटावर बर्फाचा पापुद्रा धरला होता, गाडी सुरू होईना, नेमत खाली वाकून इंजिनाशी झटत होता. ती उंबऱ्याशी थांबली. मला वाटलं, शिव्या देईल. देती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "खाला, काल तू पोचटीला तीनदा जामीन राहिलीस. मी मोजत होते. मला एकदाही चाललं असतं."

मी गाठोडं गाडीत ठेवलं. गाडी सुरू झाली.

नवरोज झाला, माद्या फुलल्या, नर झोपलेला तो झोपलेलाच. मग परवाने नावाची नवी सून आली. शेजारच्याच गावची, खात्यापित्या घरची, तिच्या बापाची बाग आमच्या बागेला लागूनच, वाऱ्याच्या अंगाला. पोरगी हुशार. पहिल्या आठवड्यात तिनं घरातली सगळी कुलपं कुठली, किल्ल्या कुठल्या, कोण कुणाला घाबरतं, सगळं समजून घेतलं. मला नेमतसारखीच "नने", म्हणजे आई म्हणायची, अहोजाहो करायची, पाय चेपायची. मोनिरेनं कधी माझे पाय चेपले नव्हते, तिला तसं कधी वाटलंच नाही.

वर्ष गेलं. पोचटी पोचट. परवानेही रिकामी. पुन्हा तोच लहान दिवस आला, मश्दी कुऱ्हाड घेऊन उभा राहिला, मी पुन्हा जामीन राहिले. परवाने चादरीच्या आडून सगळं बघत होती. परत येताना वाटेत तिनं माझा हात धरला. "नने, माझ्या आधीची होती, तिला किती वर्षं दिली होती हो?"

"सात."

"मला किती देतील?"

"असं काय बोलतेस गं."

"उस्ता रजब आमच्याकडेही येतो छाटणीला," ती म्हणाली. "आमचा नर चांगला आहे म्हणतो. त्याची पूड तुमच्या बागेपर्यंत येते म्हणतो, वारा असला तर. तुम्हाला ठाऊक आहे ना नने, खोट कुठे आहे ते?"

मी तिच्याकडे बघितलं नाही. "पायाखाली बघून चाल," म्हणाले. "निसरडं आहे."

ती हसली.

मोठ्या चिल्ल्याचे चाळीस दिवस संपले की धाकटा चिल्ला लागतो. वरून सगळं गोठलेलं असतं, पण आमचे म्हातारे सांगतात की याच दिवसांत जमीन पहिला श्वास घेते. उघड नाही, चोरून. वरच्या बर्फाला कळू नये म्हणून. त्या वीस दिवसांत परवाने माहेरी गेली होती, आईचं दुखत होतं म्हणून. परत आली ती गालावर रंग घेऊन. नवरोजला तिला डाळिंबाचा आंबट रस सोडून दुसरं काही पोटात ठरेना. मश्दीनं बोकड कापला.

त्या वर्षी वाराही भरपूर सुटला. आणि शरदात, कधी नव्हे ती, पोचटी लगडली. झुबक्यांनी. टरफलं उकललेली, ज्याला आम्ही हसरा पिस्ता म्हणतो तो. मश्दी गावभर मुठी भरभरून दाखवत फिरला. "बघा! कुऱ्हाडीचा धाक! दोन्ही कामं एकदम!" उस्ता रजबनं एक दाणा हिरड्यांनी चावला आणि म्हणाला, "हा तुझ्या नराचा नव्हे, मश्दी. शेजारच्या बागेतून वारा आला."

"वारा कुणाचा का असेना," मश्दी म्हणाला. "दाणा माझ्या झाडावरचा."

पिस्ता वाळत पडला होता तेव्हाच परवानेला मुलगा झाला. मी परवानेला दोष देत नाही. देऊ कुठल्या तोंडानं? आम्ही तिला झाडापुढे उभी करून कुऱ्हाड दाखवली, ती समजायचं ते समजली. सरळ होती ती गेली, शहाणी होती ती राहिली. एवढंच झालं.

मग तिसरा चिल्ला. झाडाला धाक घालायचं कारणच नव्हतं, कुऱ्हाड भिंतीला टांगलेली. मश्दीनं उस्ता रजबला मुद्दाम जेवायला बोलावलं होतं, खिजवायला. पोरगं दोन महिन्यांचं, गोधडीच्या कडेला दुपट्यात गुंडाळलेलं. मश्दीच्या गप्पा चालल्या होत्या. उस्तानं दोन चहा प्यायला आणि सहज म्हणाला, "अनार गावाला गेलो होतो कलमांना. तुमची ती मोनिरे भेटली. एका विधुर विणकराशी लग्न केलंय. मुलगी झालीय तिला, तीन महिन्यांची. गुटगुटीत आहे. माझ्याच मांडीवर मुतली."

परवानेनं पोराचं दुपटं सावरलं.

मश्दी खाकरला. "माती बदलली की काही झाडं फळतात," तो म्हणाला. "इथली माती तिला मानवली नाही. खोट तिचीच."

तिचीच! दोन महिन्यांचं पोर समोर, तीन महिन्यांची पोर तिकडे, आणि तरी खोट तिचीच. मी ठरवलं, बस झालं. आत्ता बोलायचं. परवानेचं नाव काढायची गरज नाही, पोराचं काढायची गरज नाही. एवढंच म्हणायचं की मोनिरेत खोट नव्हती, मला आधीपासून ठाऊक होतं, मी गप्प बसले. तिच्या भावाच्या कानावर तरी जाईल. शिक्का तरी पुसेल. "कलिंगड आणते," म्हणून मी उठले, जरा दम घ्यायला. तळघरात गेले, भुसा उपसायला लागले.

मागून पावलं वाजली. नेमत होता. त्यानं खाली वाकून कलिंगड उचललं, त्यावरचा भुसा झटकला.

"नने, वर जाऊन काही बोलू नकोस."

"कशाबद्दल?"

"तुला ठाऊक आहे कशाबद्दल." तो कलिंगडाकडेच बघत होता. "दवाखान्यात दार उघडं होतं. डॉक्टर सलगमाचं काही बोलला नव्हता."

मी पायरीवर बसले. म्हणजे तेरा वर्षं. तेरा वर्षं हाही जाणून होता, आणि मी याला जपत होते.

"मेल्या," मी म्हणाले, "मग तू का नाही तोंड उघडलंस? तुझी बायको होती ती! सात वर्षं तुझ्या शेजारी झोपत होती!"

"मी तुझी वाट बघत होतो," तो म्हणाला. "त्या रात्री. मला वाटलं, तू बोलशील. तू आई होतीस ना. तू सगळ्यांना जामीन राहतेस." मग नाक ओढून म्हणाला, "तू कलिंगड गोड आहे म्हणालीस. मग मी कशाला बोलू?"

"आणि हे पोर?"

"पोर माझं आहे." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते, पण नजर मश्दीची होती, तंतोतंत. "रात्री माझ्या छातीवर झोपतं. कुणी मला आता मान खाली घालायला लावायची नाही. तूसुद्धा नाही. तेव्हा गप्प बसलीस, आताही गप्प बस."

तो कलिंगड घेऊन वर गेला. मी त्याच्या मागे गेले. दुसरं करणार काय होते? मी कुणाचं नाव घेऊन बोलले असते? मोनिरेची बाजू घ्यायची तर या पोराच्या गळ्याला दोर लागत होता, आणि त्या दोन महिन्यांच्या जिवानं माझं काय वाकडं केलं होतं! चांगली वेळ एकच होती, ती मी दोन वर्षांपूर्वी ताटलीत घालून पुढे सरकवली होती.

वर मश्दी रंगात आला होता. त्यानं पोराला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. "नेमतच्या आई, तूच सांग या उस्ताला. हा म्हातारा म्हणतो, पोरगं आमच्यात कुणावरच गेलेलं नाही. सांग, कुणावर गेलंय?"

उस्ता रजब चहात साखर ढवळत होता, माझ्याकडे बघतही नव्हता. परवाने बघत होती. नेमत सुरी हातात घेऊन बघत होता. पोरानं माझा अंगठा मुठीत धरला आणि सोडेना.

"तुमच्यावर," मी म्हणाले. "कपाळ, नाक, सगळं तुमचं."

"कशावरून?" उस्तानं विचारलं. चेष्टेनंच विचारलं असेल.

"मी जामीन राहते," मी म्हणाले.

सगळे हसले. नेमतनं सुरी चालवली. त्या वर्षी कलिंगड खरंच गोड निघालं.